ढोरडॉक्टर सटवाजी आणि बेंदराची माती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की आज कुसळेमाळच्या पारावर बसून ती सांगणारा एकही म्हातारा तेव्हा जन्मलेला नव्हता. तरी सांगताना सगळे असे सांगतात, जणू डॉक्टरांचा हात धरून उभेच होते. तेव्हा ऐका, पण कान टवकारून ऐका.

कुसळेमाळ हे डोंगराच्या पाठीवरचं गाव. खिलार बैलांचं गाव. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी गोठ्यात जायचे, मग घरात. पोराचे नाकडोळे कसेही असोत, दावणीला बैल कसा आहे ते बघायचे. अशा गावात एक दिवस एक माणूस एस. टी. नसलेल्या वाटेनं चालत आला. डोक्यावर टोपी, हातात लाकडी पेटी, आणि खांद्याला कातडी पिशवी. त्याचं नाव सटवाजी ओव्हाळ. ढोरांचा डॉक्टर. शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत तो जनावरांची लस तयार करायचा. तिथली खुर्ची सोडून तो इथं आला होता.

असं म्हणतात, की तो वेशीत शिरला तेव्हा गावातली सगळी जनावरं रवंथ थांबवून त्याच्याकडे बघत उभी राहिली. माणसंही बघत होती, पण ती वेगळ्या नजरेनं.

त्याचं कारण होतं. सटवाजी डॉक्टर हा वेशीबाहेरच्या वस्तीतल्या रायनाक ओव्हाळाचा नातू. मेलेली ढोरं ओढून नेणं हे काम गावानं पिढ्यान्‌पिढ्या त्या वस्तीच्या गळ्यात बांधलेलं होतं. आजोबाच्या काळात एकदा बैल पटापट मेले. गावानं ठरवलं, की कातड्यासाठी रायनाकनंच गुंजेची सुई टोचून मारले. गुंजा वाटून, वाळवून, त्याची काट्यासारखी सुई करतात आणि जनावराच्या कातडीखाली खुपसतात, असा तेव्हा सगळीकडे बोभाटा होता. सुई कुणी पाहिली नव्हती. रायनाकला मात्र सगळ्यांनी पाहिलं, आणि मारत मारत शिवेपार घालवला.

आता त्याचा नातू आला होता, आणि त्याच्या पिशवीत खरोखरच सुया होत्या. काचेच्या नळीच्या, पोलादी टोकाच्या.

"आज्याची गुंजंची, नातवाची काचंची," नाना कारभारी पारावर म्हणाले, आणि पार हसला.

हे नाना म्हणजे गावाचा शब्द. पांढऱ्या मिशा, हातात पितळी मुठीची काठी. नाना बोलले, की बाकीच्यांनी विचार करायचा नाही, एवढी सोय त्यांनी गावाला करून दिली होती.

या नानांची नात चिमा. आपली गोष्ट डॉक्टरांची असली, तरी ती चिमाच्या मागं मागं चालणार आहे. कारण डॉक्टरांवर संशय सगळ्यांनी घेतला, पण शेवटपर्यंत घेतला तो तिनं एकटीनं.

चिमा सातवीपर्यंत शिकलेली. तिला ढोरांचं डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्या काळात पोरीनं असं बोलणं म्हणजे घरात हसू. नानांचा पाखऱ्या नावाचा बैल होता. एकदा तो पोट फुगून आडवा पडला. डॉक्टर बोलावल्याशिवाय आले आणि डाव्या कुशीत नळी खुपसून त्यांनी कोंडलेला वारा मोकळा केला. संध्याकाळी पाखऱ्या वैरण मागायला लागला. नानांनी आभार मानले नाहीत. पण पोरगी तिकडं चार गोष्टी शिकली, तर घरच्या ढोरांना फुकटात औषध होईल, एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात बसला.

"जा," नाना म्हणाले. "पर येताना वाड्याच्या दारात उभी ऱ्हायाचं. अंगावर पाणी वतल्याबिगर आत पाय टाकायचा न्हाय."

चिमा रोज जायची आणि रोज दारात भिजायची. डॉक्टरांचा हात पाखऱ्याच्या पोटात चालला होता. पोरीच्या अंगाला मात्र त्यांची हवा चालत नव्हती.

डॉक्टरांची शाळा वस्तीतल्या नांद्रुकीच्या झाडाखाली भरायची. दूरच्या गावांतूनही पोरं यायची. ढोरांच्या कॉलेजात जायची ज्यांची इच्छा, त्यांना डॉक्टर तयार करायचे. पुस्तक उशिरा उघडायचे. आधी एक गाय समोर बांधायची, आणि हात न लावता तिच्याकडे बघत बसायचं. कान कुठं आहेत, नाकपुडी ओली का कोरडी, ती कोणत्या पायावर भार देते. मग मालकाला बोलवायचं आणि विचारायचं. मालक म्हणायचा, काल रातीपासनं खाल्लं न्हाय. डॉक्टर शेणाकडे बोट दाखवायचे. शेणात चार दिवसांची गोष्ट असायची.

"जनावर खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "मालक बोलतो. म्हणून आधी संशय घ्यायचा. सगळ्यांवर. माझ्यावरसुद्धा."

"मंग मालकालाच सुई टोचू की," बिरू म्हणाला. हा बिरू धनगराचा, चिमाचा सोबती. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"टोचता आली असती, तर निम्मे रोग गेले असते," डॉक्टर म्हणाले, आणि सगळी नांद्रुक हसली.

असं म्हणतात, की डॉक्टरांनी शिंगाच्या बुडाला हात लावला, तर ताप कुठल्या गावातून आला ते त्यांना कळायचं. असं म्हणतात, की अडलेली म्हैस त्यांचा आवाज ऐकूनच मोकळी व्हायची. अशी म्हणणारी माणसं तेव्हा काय म्हणत होती, ते विचारा. तेव्हा ती म्हणत होती, की याला एवढं कळतं म्हणजे रोग हाच सोडत असणार.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर डॉक्टरांनी गावातल्या जनावरांना घटसर्पाची लस टोचली. काहींनी टोचून घेतली, काहींनी ढोरं डोंगरात लपवली. बिरूच्या आईनं तर हातात विळा घेऊन त्यांना गोठ्याच्या दारातच अडवलं. "माझ्या म्हशीला टोचशीला, तर मी तुमास्नी टोचीन," ती म्हणाली. डॉक्टर हात जोडून परत फिरले. बिरू आठवडाभर शाळेत मान खाली घालून बसला.

मग आषाढात बेंदूर आला. बैलांचा सण. शिंगं रंगली, झुली चढल्या, वाजतगाजत मिरवणूक झाली. घरोघर मातीच्या बैलांची पूजा झाली. कुसळेमाळची एक रीत होती, आसपास कुठं नव्हती. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांतले मातीचे बैल देवळापुढच्या दगडी डोणीत सोडायचे. ही डोण म्हणजे गावाच्या जनावरांची पाणी प्यायची जागा. मातीचे बैल पाण्यात विरघळायचे, पाणी काळं व्हायचं, आणि ते खऱ्या बैलांना पाजायचं. पूजेचं बळ खऱ्या बैलाच्या अंगात उतरतं, असं म्हणतात. वस्तीची जनावरं तिथं पीत नव्हती. त्यांना तिथं येऊ देत नव्हते. ती खाली ओढ्यावर प्यायची.

बेंदूर सरला, आणि आठवडा उलटायच्या आत पहिला बैल मेला. सकाळी औताला चालला होता, दुपारी पडला. मग दुसरा. मग एक गाय. मग एकेका दिवशी दोन दोन. आधी काही नाही, खोकला नाही, पाय ओढणं नाही. उभं जनावर थरथरायचं आणि खाली यायचं. नाकातोंडातून काळं रक्त यायचं, डांबरासारखं, आणि ते गोठायचंच नाही.

गावाला आता सुई दिसायला लागली.

डॉक्टर मेलेल्या बैलाजवळ बसले. त्यांनी त्याला फाडलं नाही. कानाच्या शिरेत टोचून एक थेंब काचेवर घेतला, पसरला, निळ्या रंगात भिजवला, आणि लाकडी पेटीतून आपला सूक्ष्मदर्शक काढून नांद्रुकीखाली मांडला. चिमानं डोळा लावला. आत निळ्या कांड्या होत्या. एकाला एक जोडलेल्या, वेळूच्या पेरांसारख्या, आणि त्यांच्या भोवती जांभळट धूळ.

"काळपुळी," डॉक्टर म्हणाले. "हे ढोर फोडायचं नाही. आतलं रक्त वाऱ्याला लागलं, की या कांड्या बी धरतात. ते बी मातीत पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहतं. खोल पुरायचं, वर चुना. आणि एकही जनावर गावाबाहेर न्यायचं नाही, बाहेरचं आत आणायचं नाही."

पोरं लिहून घ्यायला लागली. चिमा मात्र डोळा लावूनच बसली होती. तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती तिला गिळता येईना. मेलेले बहुतेक बैल टोचलेले होते. तिनं स्वतः त्यांचे कान धरले होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि वर बघायची तिची छाती झाली नाही. "हे लशीत आलं असंल का?"

बिरूनं तिला कोपरानं ढोसलं. असं म्हणतात, की त्या क्षणी डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं असेल तर ते कशाचं, हे सांगणारा कुणी नाही.

"येऊ शकतं," ते म्हणाले. "मी लस केलेली आहे. लशी कशा बिघडतात, ते मला माहीत आहे. चांगला संशय घेतलास. आता तो मध्येच सोडू नकोस. अर्धा संशय म्हणजे नुसता बोभाटा. माझ्या आज्यावर गावानं अर्धाच घेतला होता."

"मंग काय करू?"

"कोण मेलं ते सगळे मोजतात. तू बघ, कोण मेलं नाही."

चिमा गोठ्यागोठ्यांतून फिरली. लोक तिला दारातूनच घालवायचे. ढोरडॉक्टराची हेर आली, असं म्हणायचे. एका म्हातारीनं तिच्यावर शेणकुटाचा तुकडा भिरकावला. बिरूच्या घरी ती गेली तेव्हा त्याची आई गोठ्यात जमिनीवर बसलेली होती. समोर म्हैस पडलेली, नाकाशी काळं रक्त. हीच ती म्हैस, विळा दाखवून वाचवलेली. तिला सुई लागलेलीच नव्हती.

मग चिमा वस्तीत गेली. तिथली सगळी जनावरं डॉक्टरांनी टोचलेली. एकही मेलेलं नाही. गाई निवांत रवंथ करत होत्या, वासरं उड्या मारत होती.

ही गोष्ट तिच्या आधी पारावर पोचली.

"बघा," नाना म्हणाले. "सोताच्या लोकांची ढोरं जित्ती. आमची मेली. अजून काय पुरावा पायजे?"

पारावरच्या सगळ्या माना हलल्या. चिमाचीही क्षणभर हलली. खोटं कशाला सांगा. तीही त्याच घरात वाढली होती. पण मान हलवताना तिची नजर देवळापुढच्या डोणीवर गेली. डोणीच्या तळाशी अजून काळा गाळ बसलेला होता. वस्तीची जनावरं इथं पीत नाहीत. बिरूची म्हैस पिते. टोचलेलं, न टोचलेलं, जे जे मेलं ते सगळं इथं प्यालेलं. सुई काही गावाला आणि वस्तीला वेगळी नव्हती. पाणी वेगळं होतं.

ती ओढ्याकडे धावली, कुंभाराच्या माती काढायच्या जागेवर. बेंदराची माती पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच यायची. जागा होती, पण तिथं आता ऊस होता. नानांच्या भावानं काठ नांगरून आपल्या रानात घातला होता. कुंभार आपल्या दारात बसला होता. तो कुणाचा मिंधा, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

"मंग औंदाची माती कुठली, मामा?" चिमानं विचारलं.

कुंभार चाकाकडे बघत राहिला. "तुज्या आज्याला इचार," तो म्हणाला. "मी सांगितल्याली माती आणली. लोण्यावानी माती. आसली काळी माती म्या जन्मात मळली न्हाय."

ती परतली तेव्हा पारासमोर गर्दी झाली होती. पाखऱ्या मेला होता. पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, नानांचा पाखऱ्या. पारासमोर त्याचं धूड पडलं होतं आणि शिंगांवर बेंदराचा रंग तसाच होता. नानांच्या पुतण्यानं सुरा आणला होता. ढोर फोडायचं, पोटातलं विष गावाला दाखवायचं, आणि मग डॉक्टराचं काय करायचं ते करायचं. दोघांनी डॉक्टरांना दंडाला धरून आणलेलं होतं. त्यांना पहिल्यांदाच गावानं हात लावला होता.

"फोडू नका," डॉक्टर एवढंच म्हणत होते. "मला पुरा, पण हे फोडू नका. उद्या इथं पोरं खेळतील."

"भ्यालं बघा कसं," नाना म्हणाले. "पोटात इख सापडंल म्हून भ्यालंय."

तेवढ्यात चिमा गर्दीतून पुढं आली. असं म्हणतात, की तेव्हा तिचा आवाज खिंडीपर्यंत गेला. खरं तर तिचा आवाज फाटला होता, आणि पहिल्या रांगेपलीकडे कुणाला नीट ऐकू गेला नाही. पण जे तिनं विचारलं ते पहिल्या रांगेनं मागच्या रांगेला सांगितलं, आणि असं ते सगळीकडे गेलं.

"नाना, औंदाच्या बेंदराची माती कुठनं आणली?"

नाना काठीवर रेलले. "घरी जा."

"कुठनं आणली?"

"माती ती माती. माळावरची."

"कंच्या माळावरची?"

नानांनी पाराकडे बघितलं. पारावर त्यांच्याच वयाची माणसं बसलेली होती. एकानं पागोटं नीट केलं, एकानं चंची उघडली, एक उगाच आभाळाकडे बघायला लागला. त्या सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी त्या सगळ्यांनी पाहिलं होतं, रायनाकच्या काळात मेलेली ढोरं कुठल्या माळावर ओढून नेऊन फोडली होती ते. ते बोलले असते, तर एकही बैल मेला नसता. पण तो माळ आठवला, की रायनाक आठवला असता. तेव्हाही काळपुळीच होती, आणि रायनाकला उगाच मारलं होतं, हे बोलावं लागलं असतं. म्हणून त्यांनी माती मळू दिली.

डॉक्टरांनी मान वर केली. "ढोरफोडीच्या माळाची?" ते हळूच म्हणाले. "माझी आजी सांगायची त्या माळाची?"

कुणी उत्तर द्यायच्या आत नाना ओरडले, "बघताय काय? फोडा ढोर!"

पुतण्यानं सुरा उचलला. डॉक्टरांनी दंडाला हिसडा दिला आणि ते पाखऱ्यावर आडवे पडले. सबंध अंग टाकून, दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळून. लोकांनी त्यांना ओढलं. टोपी गेली, सदरा फाटला, मानेवर नखांचे ओरखडे उठले, आणि पाखऱ्याच्या नाकातलं काळं रक्त त्या ओरखड्यांना लागलं. तरी त्यांनी हात सोडले नाहीत.

आणि मग ते झालं, जे आजही सगळे सांगतात. गावातली उरलेली सगळी जनावरं दावी तोडून आली. गाई, म्हशी, बैल, पाडे, हंबरत, धूळ उडवत आली, आणि पाखऱ्याभोवती आणि डॉक्टरांभोवती रिंगण करून उभी राहिली. शिंगं बाहेर, शेपट्या आत. सुरा घेतलेल्या माणसाला वाट मिळेना. एकही जनावर आपल्या मालकाची हाक ऐकेना. दिवस मावळेपर्यंत ते रिंगण हललं नाही, असं म्हणतात.

काही जण म्हणतात, की दावी तुटली नव्हती, कापलेली होती, आणि बिरूच्या कमरेला त्याच्या आईचा विळा होता. विळा होता की नव्हता, ते तुमचं तुम्ही ठरवा. पाखऱ्या फोडला गेला नाही, एवढं खरं. बिरूनं आणि वस्तीतल्या बायांनी खड्डा खणला, चुना ओतला आणि तो पुरला. डोण उपसली, तिच्यात लाकडं रचून जाळ केला, आणि दगड तडकेपर्यंत तो विझू दिला नाही. डॉक्टरांनी बिरूला शहरात पिटाळलं, काळपुळीची लस आणायला.

गावानं मदत केली, असं आता सांगतात. गाव दारं लावून बसलं होतं.

मग डॉक्टरांच्या मानेवर एक पुळी आली. आधी डास चावल्यासारखी. मग फोड. मग मधोमध काळी, कोळशासारखी, आणि भोवती सूज. त्यांनी पोरांना नांद्रुकीखाली बोलावलं, आणि मान तिरकी करून ते समोर बसले.

"बघा," ते म्हणाले. "हात लावू नका. काय दिसतं ते सांगा."

एका पोरानं हुंदका दिला.

"रडायला मागाहून वेळ आहे. चिमा, सांग."

"काळी खपली हाय," चिमा म्हणाली. "भवतीनं सूज. सूज गळ्याकडं उतराय लागलीय."

"मालकाला काय विचारशील?"

चिमा म्हणाली, "दुखतंय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना जणू बरंच वाटलं. "हेच विचारायचं. काळपुळी दुखत नाही. जे दुखत नाही, त्याचा संशय आधी घ्यायचा. ही गोष्ट तुम्हाला पुस्तकात लवकर सापडणार नाही."

तालुक्याच्या दवाखान्यात औषध होतं. ते वेळेत मिळालं असतं, तर डॉक्टर जगले असते. वाट खिंडीतून जाणारी, लांबची. वस्तीतली धडधाकट माणसं खडी फोडायला दूर गेलेली, तिथं उरल्या होत्या बाया आणि म्हातारे. चिमा नानांकडे गेली आणि तिनं गाडी मागितली.

"तुज्या डाक्टरनंच सांगितलंय," नाना म्हणाले, "जनावर गावाभाईर काढायचं न्हाय. आमी त्याचा सबूद मोडत न्हाय." आणि त्यांच्या डोळ्यांत, असं म्हणतात, कीव होती. चिमाला तिथं वेगळंच काही दिसलं होतं.

"बैल नका देऊ," ती म्हणाली. "माणसं द्या. बाजंला चार खांदं लागतात."

"कुणाच्या बाजंला?" नानांनी विचारलं.

पारावरच्या सगळ्यांना तोच प्रश्न पडला होता. कुणी म्हणालं, उद्या बघू. कुणाची कंबर धरली होती. कुणाच्या घरी देवाचं होतं. दुसऱ्या दिवशीही उद्याच होता. एवढ्या मोठ्या गावात, जिथं बैलाच्या मिरवणुकीला नाचायला अख्खं गाव उतरतं, एका माणसाच्या बाजेला खांदा नव्हता. ज्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या या गावाची मेलेली ढोरं ओढली, त्याला जिवंतपणी उचलायला कुणी आलं नाही.

बिरू लस घेऊन परतला, तेव्हा सूज छातीपर्यंत उतरली होती. मग बिरू, त्याची आई, वस्तीतली एक विधवा आणि चिमा अशी चौघं बाजेला लागली. खांदे सोलले तरी बाज खाली ठेवली नाही. खिंडीत पोचल्यावर डॉक्टरांनी खूण केली.

"लस आणली का?" त्यांनी विचारलं.

"आणली," बिरू म्हणाला.

"मग मला कुठं नेताय? मागं फिरा. ढोरं टोचायची राहिलीत."

ते खिंडीतच गेले. असं म्हणतात, की त्या वेळी सात शिवारांतल्या जनावरांनी वैरणीला तोंड लावलं नाही. माणसं जेवली.

बाजेपाशी त्या दोघी बाया थांबल्या; चिमा आणि बिरू तिथूनच परतले. पहिलं जनावर कुणाचं टोचलं, माहीत आहे? नानांचं. पाखऱ्याची आई, म्हातारी गाय. नाना दारात उभे होते. त्या दिवशी नातीच्या अंगावर पाणी ओतायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, का त्यांची छाती झाली नाही, ते कुणाला कळलं नाही. चिमाही आत गेली नाही. गोठ्यातून बाहेर पडली ती पुढच्या गोठ्यात गेली, मग त्याच्या पुढच्या. त्यानंतर एकही जनावर मेलं नाही. पुढं ती ढोरांच्या कॉलेजात गेली, आणि तिच्या मागून बिरू. त्यांच्या हाताखालून किती डॉक्टर तयार झाले, याची गणती नाही.

ही कुसळेमाळच्या ढोरडॉक्टराची गोष्ट. तेव्हा ढोरडॉक्टर ही शिवी होती. आता गावाच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत तोच शब्द आहे.

त्या गावात बेंदराला अजून मातीचे बैल करत नाहीत. ढोरफोडीच्या माळाभोवती दगडांचं कुंपण आहे. तिथं कुणी नांगर घालत नाही, कुणी ढोर चारत नाही. गावातलं कुणी पोर, पोरगी, ढोरांच्या कॉलेजात निघाली, की त्या कुंपणावर एक दगड ठेवून जाते. कुंपण आता छातीएवढं झालंय. नवी डोण एकच आहे, आणि बेंदराच्या दिवशी तिच्यावर पहिलं पाणी वस्तीची जनावरं पितात.

आणि बेंदराच्या आदल्या दिवशी पारावर सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीनं बसवतात. त्या दिवशी त्यांनी गोष्ट सांगायची नाही. पोरं समोर उभी राहतात, आणि त्यांच्यातलं सगळ्यात लहान विचारतं, "डॉक्टरांच्या बाजेला खांदा कुणी दिला नाही?"

ओळीत सगळ्यात म्हातारा जो असेल, तो उठतो. तो तेव्हा जन्मलेला नसतो. त्याला गुडघे धरून उठावं लागतं. बऱ्याचदा तो म्हणायला बघतो, की असं म्हणतात, त्या काळी गावात माणसंच नव्हती. पोरं हलत नाहीत. परत विचारतात. तो टोपी काढून हातात घेतो, कुंपणाच्या दिशेनं बघतो, आणि म्हणतो,

"आम्ही."

तेवढं झालं, की दावी सोडतात आणि जनावरं पाण्याला नेतात.